पत्राच्या पायथ्याची फिकट ओळ

मी ईमेलची सगळ्यात शेवटची ओळ बोलतेय. दचकू नका, घाबरलेली तर मीच आहे. 'ही पत्रं नको असतील तर इथे दाबा', एवढाच माझा जीव. लोक मला अनसबस्क्राइब म्हणतात.

माझा जन्म बाळांच्या खाटा विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर झाला. गिऱ्हाइकांना ईमेल पाठवणाऱ्या ताईने मला काळ्याभोर, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं. तेवढ्यात मालककाका चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"अगं, दुकानाच्या दारातच 'चालते व्हा' अशी पाटी लावतेस होय? फिकट कर तिला."

ताईने मला राखाडी केलं.

"अजून."

"काका, आता मलाच दिसत नाहीये."

"मग बरोबर जमलं."

तेव्हापासून मी जवळजवळ पांढऱ्यावर पांढरी. हाक मारावी तर आवाज नाही, पळावं तर पाय नाहीत.

काकांना पत्रांचा भारी सोस. सकाळी 'फक्त आज सवलत', दुपारी 'शेवटची संधी', दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच शेवटची संधी. आमच्याकडून खाट घेतलेल्या एका वहिनींनाही ही पत्रं जायची. एकदा बाळाला मांडीवर थोपटता थोपटता त्यांचा अंगठा माझ्यावरून वरखाली सरकत राहिला. मी श्वास रोखून होते. त्यांना मी दिसलेच नाही.

"अहो, हे बंद कुठून करायचं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"शोधत काय बसतेस? स्पॅम म्हण आणि मोकळी हो."

त्या मोकळ्या झाल्या. मी अडकले. घरोघरी हेच घडलं. इतक्या जणांनी झिडकारल्यावर ईमेल पोचवणाऱ्या यंत्रणेने आमच्या दुकानाचं नावच काळ्या यादीत टाकलं. पत्र कसलंही असो, रवानगी थेट स्पॅमच्या कोठडीत.

आणि नेमकं तेव्हा ते पत्र निघालं. खाटेच्या कठड्याचा खटका बाळाच्या भाराने निसटतो आणि कठडा खाली पडतो, असं कारखान्यातून कळलं होतं. ताईने लगेच लिहिलं, 'खाट वापरू नका. खटका आम्ही घरी येऊन फुकट बदलून देतो.' खाली नेहमीसारखी मी होतेच.

आता आम्ही वहिनींच्या फोनमध्ये, या कोठडीत पडून आहोत. एका बाजूला लॉटरी लागल्याची बातमी, दुसऱ्या बाजूला टक्कल घालवणारं तेल. माझ्या डोक्यावरचा शब्द न् शब्द खरा आहे, पण असल्या शेजारात खऱ्याला कोण विचारतो?

माझी एक प्रत ताईच्या संगणकावरही आहे, म्हणून तिकडचं मला ऐकू येतं.

"पत्र गेलंय ना? मग झालं की आपलं काम," काका म्हणाले.

"गेलंय काका, पोचलं नाहीये. कुणी उघडलेलंच नाही." ताईने पडदा त्यांच्याकडे वळवला. "बाळं धरून उभी राहायला लागली असतील हो."

काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "गिऱ्हाइकांचे अर्धे नंबर मला दे. मीही लावतो फोन."

इथे वहिनींचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं. "अनोळखी नंबर. असेल कुणी विकणारं," असं पुटपुटून त्यांनी कट केला.

पलीकडे खाटेतलं बाळ झोपेतून उठलंय. दोन्ही मुठींनी कठडा धरून ते स्वतःला वर ओढतंय. गुडघे लटपटतायत, पण गडी हसतोय. खटक्याचा बारीक आवाज मला ऐकू येतो. वहिनींची पाठ आहे तिकडे. त्या कपड्यांच्या घड्या घालतायत.

फोन पुन्हा वाजतोय.

वहिनी, एकदा उचला. मग सावकाश मला शोधा, दोन बोटांनी मोठी करून बघा, दाबा आणि आमचं दुकान कायमचं घालवून द्या. माझी तक्रार नाही, मी त्यासाठीच जन्मले. पण आत्ता फोन उचला.

नाहीतर फोन राहू द्या. बाळाला उचला.