घाटातला अर्धा तास

घरात संवाद असला की घराचं देऊळ होतं, असं निवृत्त हेडमास्तर चिंतामणी सर महाडातल्या झाडून सगळ्या लग्नांत सांगत आले. त्यांच्या स्वतःच्या घरात संवाद व्हायचा तो गाडी बंद पडली की.

एरवी बाप-लेकीचं बोलणं म्हणजे दूध आलं का आणि गॅस बंद केलास का. सरांच्या पत्नी कालिंदीबाई गेल्यापासून तेवढंच उरलं होतं. पण सई वाईला कॉलेजात होती. तिला सोडायला निघालं, पोलादपूर मागे टाकून गाडी आंबेनळी घाट चढू लागली, की इंजिन तापून एका ठरावीक वळणाशी गपकन बंद पडे, आणि अर्ध्या तासानं, काही झालंच नाही अशा थाटात सुरू होई. तेवढ्या वेळात कठड्यावर बसून सई आईच्या आठवणी काढी. नापास झालेला विषय तिनं तिथेच सांगितला, आणि आमोदचं नावही. बिरवाडीचा मेकॅनिक पार्ट बदलू म्हणायचा. सर म्हणायचे, पुढच्या वेळी बघू.

आता लग्न होऊन सई आमोदबरोबर कॅनडाला निघाली होती. तिला वाईला सासरी पोचवायचं, तिथून ती पुढे जाणार. तिच्याशिवाय आपल्याला करमणार नाही, एवढंच सरांना तिला सांगायचं होतं. घरात ते तोंडातून निघेना. घाटात सांगू, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी पाहतात तो सईला न्यायला आलेला जावई बॉनेटमध्ये डोकं घालून. आमोदनं पुण्याहून नवा क्रँकशाफ्ट सेन्सर आणून बसवलाही होता. जुना, अंगठ्याएवढा तुकडा तळहातावर धरून त्यानं समजावलं, की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, कुठवर आला हे हा इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. तापला की मुका होतो, मग ना ठिणगी ना पेट्रोल. गार झाला की पुन्हा बोलू लागतो. अधूनमधून वायरचा जोड तपासायचा, तेलाचा चिकटा पुसायचा, बस्स.

"तीन वर्षं कशी काढलीत बाबा, ह्याच्याबरोबर?"

सरांनी जावयाचे आभार मानले. दुसरं काय करणार?

गाडी घाट अशी चढली, जणू उतारच. वळण आलं तसा सरांचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला.

"दाबा बिनधास्त," शेजारी बसलेला आमोद म्हणाला. "आता नाही दगा देणार."

सरांनी दाबला. आरशात त्यांना सई दिसली. ती मान वळवून, मागे पडणाऱ्या कठड्याकडे बघत होती.

वाईला दारात ती पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सई, अगं, मला..."

"बाबा," डोळे पुसत ती म्हणाली, "डिकी उघडता का जरा? बॅगा राहिल्यात."