आगाऊ पोरीसाठी एक शब्द

"ओबीडियंट," लांगी म्हणाली.

"पुन्हा तेच!" लेपेकाबाईंनी खडू फळ्यावर असा आपटला की त्याचे तुकडे उडाले. "काल संध्याकाळभर घसा कोरडा केला मी. आज ती ऑकलंडची बाई विचारील, तू कशी मुलगी आहेस, तर काय सांगायचं?"

"आज्ञाधारक आहे असं नाही सांगायचं."

"मग?"

"आउटस्पोकन." शब्द उच्चारताना लांगीची मान खाली गेली. जणू कोणी तिच्याकडून शिवी वदवून घेत होतं.

"मान वर! मनात आहे ते तोंडावर बोलणारी. त्यात लाजायचं काय?"

"पण बाई, मी आज्ञाधारक आहे. ते खरंय ना?"

खरं होतं, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

सामोआतल्या सवाई बेटाच्या किनाऱ्यावरच्या या शाळेत लेपेकाबाईंनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. मुलांचा स्वभाव सांगणाऱ्या शब्दांचा धडा त्यांच्या खास आवडीचा. क्वाएट, ओबीडियंट, हंबल. म्हणजे शांत, आज्ञाधारक, नम्र. पोरीच्या गळ्यात घालावेत असे याहून चांगले शब्द जगात नाहीत, असं त्या मानत. सामोआत कोण मानत नाही? म्हणून गेल्या वर्षी ऑकलंडच्या संस्थेची ती हेलन नावाची बाई नर्सिंगच्या शिक्षणासाठी एक मुलगी निवडायला आली, तेव्हा लेपेकाबाईंनी त्यांची मेले नावाची लाडकी विद्यार्थिनी पुढे केली आणि अभिमानाने हे तिन्ही शब्द सांगितले. हेलनचं पेन थांबलं. "गोड आहे मुलगी," ती म्हणाली, "पण आम्हाला जरा धीट हवी होती." शहरातली, सगळ्यांचं बोलणं मध्येच तोडणारी एक मुलगी विमानात बसली. मेले आता मामाच्या दुकानात पाव विकते.

सोनं म्हणून दिलेले दागिने पितळ म्हणून परत यावेत, तसं लेपेकाबाईंना झालं होतं. तो संताप वर्षभर त्यांच्या पोटात उकळत होता. हेलनवर होताच, पण त्याहून जास्त त्या शब्दांवर होता. आपल्या घरी जी शोभा, ती यांच्या घरी खोट कशी होते? ठीक आहे, त्यांनी ठरवलं. तुम्हाला धीट हवी ना, घ्या धीट.

आणि लांगी धीट होतीच. ती नुसती दिसत नव्हती.

"आजोबांवर ओरडलीस तेव्हा कुठे गेली होती ही लाज?" बाईंनी विचारलं.

लांगीने घाबरून दाराकडे पाहिलं. "हळू बोला ना, बाई. ते कुणाला सांगायचं नाही. तुम्ही शब्द दिलाय."

तिचे आजोबा तुईसा म्हणजे गावचे थोर सरदार. पायाचं बोट काळं पडलं तरी दवाखान्यात जायला तयार नव्हते. घरात कोणाची बोलायची छाती होईना. शेवटी या नातीने घरातल्यांसमोर उभं राहून आरडाओरडा केला, बस अडवली, ड्रायव्हरशी भांडली आणि म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं. बोट गेलं, पाय वाचला. बसमध्ये गावच्या म्हणून एकट्या लेपेकाबाई होत्या, म्हणून त्यांना ठाऊक. गावाला सांगितलं ते इतकंच, की बोट प्रवाळाने कापलं. नातीने सरदाराला दटावलं, ही गोष्ट बोटापेक्षा जास्त झाकून ठेवण्याची होती.

दुपारी गावच्या सभाघरात बैठक भरली. भिंती नसलेलं घर, चहूकडून समुद्राचा वारा. खांबाखांबाला टेकून सरदार मांडी घालून बसलेले. हेलनला मांडी जमेना, म्हणून तिने पाय पसरले आणि पसरलेले पाय झाकायच्या रीतीप्रमाणे कोणीतरी तिच्या पायांवर चटई टाकली. शेजारी दुभाषा म्हणून एलिया. शिक्षण कचेरीतला तरुण साहेब, मूळचा याच शाळेतला, बाईंच्या हाताखाली धडे गिरवलेला. आता त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडत नव्हती. लेपेकाबाई मागे बसल्या. लांगी कोकोचे पेले फिरवत होती. बसलेल्या माणसांपुढून जाताना कमरेत वाकायचं आणि 'तुलोऊ' म्हणायचं, म्हणजे माफ करा, तुमच्यापुढून जाते. तीही प्रत्येकापुढे वाकत होती, तुलोऊ, तुलोऊ.

"बाई, मुलीबद्दल थोडक्यात सांगाल?" हेलनने इंग्रजीत विचारलं.

लेपेकाबाई ताठ झाल्या. "कॉन्फिडंट," त्या म्हणाल्या. "आणि आउटस्पोकन."

हेलनचं पेन झरझर चाललं. बाईंच्या जिवाला क्षणभर थंडावा मिळाला.

"काय म्हणाल्या बाई?" तुईसांनी एलियाला विचारलं.

एलिया कंटाळला होता. त्याने डोकं खाजवलं आणि जिभेवर आला तो शब्द सांगून टाकला, "ताउतालाइतिइति."

सभा गार पडली. सामोआत पोरीच्या बापाच्या काळजात कट्यार घुसवायची, तर हा एक शब्द पुरे. आगाऊ. वयाला न शोभणारं बोलणारी, मोठ्यांची मर्यादा न राखणारी. ज्या घरची पोर तशी निघते, त्या घराने मान खाली घालायची.

"अरे एलिया! तसं नाही रे!" बाई ओरडल्या. "धीराची म्हण. लोतो तेले म्हण. शब्द आहे आपल्याकडे!"

"एकच झालं ना, बाई," एलिया हसत म्हणाला. "उगाच कीस काढू नका. उन्हं कलली की यांना फेरीबोट गाठायचीय."

"एकच?" बाईंनी विचारलं. "तुला मी हेच शिकवलं का रे, मेल्या?"

तुईसांनी हात वर केला. "माझ्या घरात आगाऊ पोर नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "लांगी, इकडे ये. बाई म्हणतात, तू आगाऊ आहेस. आहेस का?"

हेलनला वाटलं, वा, मुलीला बोलायला देतायत. तिने पुढे झुकून प्रेमाने विचारलं, "सांग लांगी, तुझ्याच शब्दांत. तू आउटस्पोकन आहेस?"

लांगी तबक छातीशी धरून उभी होती. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. हो म्हणावं तर आजोबा सगळ्या गावासमोर मेले. नाही म्हणावं तर विमान गेलं.

"नो, मॅडम," ती हलकेच म्हणाली. "आय ॲम ओबीडियंट."

हेलनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. पेनाला मात्र टोपण लागलं.

ते टोपण लागल्याचा आवाज लेपेकाबाईंनी ऐकला आणि त्यांचा तोल सुटला. त्या बसल्या जागेवरून उभ्या राहिल्या. सरदारांच्या बैठकीत, मागच्या रांगेतून, कोणी बोलायला सांगितलेलं नसताना.

"आगाऊ आहे ती!" त्या आपल्या भाषेत कडाडल्या. "हो, आहे! तुईसा, आपण आज मांडी घालून बसला आहात ना, तो पाय तिच्या आगाऊपणाने राहिलाय. तुमच्या घरचे सगळे पुरुष काळं बोट बघून गप्प बसले. ही ओरडली! बस अडवून ही भांडली! प्रवाळ कसलं आणि काय कसलं! जिच्या तोंडामुळे जीव वाचला, तिला तोंड आहे म्हणायची लाज वाटते होय?"

तुईसांनी पुढ्यातल्या चटईचं टोक ओढलं आणि हळूच पायावर घेतलं. ते बाईंकडे बघत नव्हते. नातीकडेही नाही.

लांगी बाईंकडे बघत होती. तुम्ही शब्द दिला होता, बाई. ती बोलली नाही, पण बाईंना ते ऐकू आलं.

"त्या काय म्हणाल्या?" हेलनने विचारलं.

एलियाने सरदारांचे चेहरे पाहिले, गळा साफ केला. "म्हणतात, मुलगी आजोबांची फार सेवा करते."

"अगं बाई, किती गोड," हेलन म्हणाली.

गोड! गेल्या वर्षीचा तोच शब्द. लेपेकाबाईंनी तोंड उघडलं. आता इंग्रजीत सांगायचं, या बाईच्या तोंडावर, की तो खोटं बोलतोय. पण जन्मभर फळ्यावर लिहिलेल्या शब्दांपैकी एकही जिभेवर येईना. संताप एवढा होता की दुसरं काही आत मावत नव्हतं.

"बाई, बसा," तुईसा म्हणाले.

त्या बसल्या नाहीत. निघाल्या. मागच्या बाजूने उतरता आलं असतं, पण त्या सरळ बैठकीच्या मधून चालू लागल्या. सरदारांपुढून, एलियापुढून, हेलनच्या झाकलेल्या पायांपुढून. पाठ वाकवली नाही, मान वाकवली नाही, आणि पोर असल्यापासून जो शब्द म्हटल्याशिवाय त्या कोणापुढून गेल्या नव्हत्या, तो म्हटला नाही. एक म्हातारा सरदार खाकरला. एलिया तोंड वासून बघत राहिला. पायरीपाशी येऊन त्यांनी चपला पायात घातल्या आणि उन्हात पाऊल टाकलं.

मागून अनवाणी पावलांची चाहूल आली. त्यांनी वळून पाहिलं.

लांगी होती. रिकामं तबक पोटाशी धरून, बाई जिथून ताठ चालत आल्या होत्या नेमक्या त्याच वाटेने ती येत होती. कमरेत पार वाकलेली. प्रत्येकापुढे थांबत होती आणि बाईंच्या वाटची माफी मागत होती, तुलोऊ, तुलोऊ.