निम्मी पिवळी, निम्मी राखाडी

बंद पेटीतल्या मधमाश्यांचं गाणं ऐकायचं तर लाकडावर तळहात ठेवावा.

मिठाच्या माळावर लांबून येणारी गाडी आधी हवेत तरंगते. मग तिला चाकं फुटतात.

सफरचंद एकाने कापायचं, फोड दुसऱ्याने निवडायची. कापणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो.

मामाची कंबर धरली. मामा पलंगावर, पलंग खिडकीशी, खिडकी गॅरेजात उघडणारी.

गिअर ऑइलचा वास केसांतून निघतो, उशीतून निघत नाही.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी विचारलं असतं तर ताई म्हणाली असती, संबंध म्हणजे आमचं घर.

ताई मधमाश्या पाळायची. तिचा धाकटा भाऊ मोजणीदार होता. मिठाच्या सपाट माळावर दिवसभर गाडी हाकायची, थांबायचं, मोजायचं, पुन्हा हाकायची. वडील गेले तेव्हा मागे दोन गाड्या राहिल्या. एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या, खडकाळ रस्त्यावर चारही चाकांनी ओढणाऱ्या. एक पिवळी, एक राखाडी. पिवळी ताईकडे आली, राखाडी धाकट्याकडे. जुळ्या बहिणींसारख्या दिसायच्या, पण स्वभाव दोन टोकांचे.

गाडीचा स्वभाव पोटात असतो. दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा, गोळ्यात एक दातेरी ताट, आणि त्या ताटाला फिरवणारं एक दातेरी बोंड. असा एक गोळा मागे, एक पुढे. दाते कसे, त्यावर गाडी ढांगा टाकणार की मुंगीच्या पावलाने जाणार ते ठरतं. वडिलांनी दोन्ही गाड्यांचे गोळे स्वतः उघडून हवे तसे दाते बसवले होते आणि प्रत्येक नट आवळून झाल्यावर त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला होता. पिवळीला लांब ढांगा, राखाडीला मुंगीची चाल.

आणि नशिबाची गंमत अशी, की मुंगीची चाल ताईला हवी होती.

तिची वाट डोंगरावर जाणारी. वरच्या उतारावर फुलोरा यायच्या आत पेट्या तिथे पोचवायच्या, आणि पोचवायच्या अशा हलक्या हाताने की आतलं एकही पोळं तुटू नये. पिवळीला हळू चालणं माहीतच नव्हतं. पहिल्या गिअरमध्येही ती दगडावरून उडी मारायची. गेल्या वर्षी वर पोचून ताईने झाकणं उघडली, तर पोळी कोसळलेली आणि तीन राण्या स्वतःच्याच मधात बुडून मेलेल्या. या वर्षी पुन्हा तसं झालं, तर उरलेल्या पेट्या देऊन टाकायच्या आणि खोकी बांधायच्या कारखान्यात कामाला लागायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. आईला सांगितलं होतं, धाकट्याला सांगितलं नव्हतं. म्हणजे धाकट्याला ठाऊक होतं.

तिकडे धाकट्याची राखाडी चाळीसच्या पुढे गेली की किंचाळायची. घरी आल्यावरही त्याच्या कानात ती किंचाळत असायची, आणि जेवताना तो मोठमोठ्याने बोलायचा.

"अरे, मी इथेच बसलेय," आई म्हणायची. "माळावर नाही."

म्हणून दाते बदलायचं ठरलं.

*

मामाच्या गॅरेजात दोन्ही गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढल्या. खाली दोन जुन्या चादरी अंथरल्या. फुलाफुलांच्या चादरीवर पिवळीचे भाग, पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीवर राखाडीचे, निघाले त्याच क्रमाने ओळीत. मामाची ही पद्धत. तो म्हणायचा, माणूस विसरतो, चादर विसरत नाही.

"राणीसाहेब, तेल पातेल्यात धरलंत का जमिनीला पाजलंत?" खिडकीतून मामाचा आवाज आला.

"पातेल्यात, मामा."

"आणि मोजपट्टी काय करतोय?"

"मोजतोय," धाकटा गाडीखालून म्हणाला.

"मोज, मोज. लग्नाचं वय पण मोज एकदा."

मागचा गोळा उघडताना लाल ठिपके एकेक करून तडकले. अगदी बारीक आवाज यायचा, नखाने अंड्याचं कवच टोकरल्यासारखा. ताई प्रत्येक वेळी थांबायची. ठिपका उडाला की त्याखालचा नट इतर नटांसारखाच निघायचा.

दुपारपर्यंत राखाडीचे मागचे दाते पिवळीत बसले, पिवळीचे राखाडीत. मामाने खिडकीत कान लावून चाक हाताने फिरवायला सांगितलं, आवाज ऐकला आणि हुंकार दिला.

"छान. आता पुढचे."

ताई पिवळीच्या पुढच्या गोळ्यासमोर उकिडवी बसली होती. तिथले लाल ठिपके शाबूत होते. बाबांचा हात लागला होता असं आता गाडीत तेवढंच उरलं होतं. धाकटाही राखाडीच्या पुढे तसाच बसला होता, पाना हातात, हात मांडीवर.

"ताई," तो म्हणाला, "पुढचे राहू देऊ या?"

"मीही तेच म्हणणार होते."

"मागचे माझे तुला, तुझे मला. पुढचे ज्याचे त्याला."

"निम्मं निम्मं."

या घरात लहानपणापासून सगळं असंच वाटलं गेलं होतं: सफरचंद, खोली, आईची मांडी, खिडकीशेजारची जागा. निम्मं झालं की भांडण मिटायचं. त्यामुळे एखादी गोष्ट निम्मी केल्यावर बिघडू शकते, हे दोघांच्या डोक्यात शिरायला वावच नव्हता.

मामाच्या डोक्यात होता. "गाडी म्हणजे सफरचंद आहे का रे? मागचे-पुढचे दाते एक पाहिजेत. नाहीतर चारही चाकं जुंपली की पुढची पळू बघतील, मागची त्यांना धरून ठेवतील. मधल्या मधे गाडीचा जीव जाईल."

"माळावर चार जुंपायची वेळच येत नाही," धाकटा म्हणाला.

"आणि मी मागच्या दोनवरच चढेन," ताई म्हणाली. "एवढ्या हळू चालीला मागची पुरतील."

"बरं," मामा म्हणाला. "मी पडलो आडवा. आडव्या माणसाचं कोण ऐकतं."

*

उजाडता उजाडता पेट्या चढल्या. माश्या आत परतलेल्या असताना तोंडं जाळीने बंद करायची आणि ऊन तापायच्या आत वर न्यायचं, हा नियम. बंद पेटी उन्हात राहिली की माश्या पंखांनी वारा घालत बसतात, घालून घालून थकतात, आणि मेण मऊ पडून पोळं खाली बसतं.

ताई पुढे, धाकटा मागे. त्याच्या गाडीत पेट्या ठेवायच्या लोखंडी घोड्या आणि पाण्याचा कॅन.

पिवळी चालत होती, खरोखर पायी चालल्यासारखी. दगड आला की आधी त्याला टेकायची, मग त्याच्यावर चढायची, मग दुसऱ्या बाजूने पाय सोडावा तशी उतरायची. धुकं काचेला चिकटून मागे सरकत होतं. पेट्यांचा आवाज सीटमधून ताईच्या पाठीत शिरत होता. तिला वाटलं आपण गाडी चालवत नाही आहोत, डोंगरच आपल्याखालून सावकाश निघून जातोय. आपण फक्त जागेवर बसून राहायचं, म्हणजे उतार आपोआप येईल. एक पेंग येऊन गेली. पेंगेत वडील रस्त्याच्या कडेला उभे होते आणि हातातली किल्ली पुसत होते, तिच्याकडे न बघता.

मग वळण आलं, आणि वळणानंतरचा खडा चढ.

तिथे मुरूम सुटा होता. मागची चाकं फिरली, गाडी जागची हलली नाही. ताईने पुन्हा प्रयत्न केला. चाकांनी दोन खड्डे केले आणि त्यांत बसली. मागून धाकट्याने हॉर्न दिला. पेट्यांचा आवाज एक पट्टी वर गेला.

चार जुंपायची नाहीत असं तिने म्हटलं होतं. तिने जुंपली.

पिवळी हातभर पुढे गेली आणि खडकावर टायर टेकताच आखडली. पुढची चाकं ओढत होती, मागची रोखत होती, पोटातून एक लांब कण्हणं आलं आणि मग फाटकन झटका. पेट्या एकमेकींवर आदळल्या. ताईचा पाय क्लचवर गेला तेव्हा तिच्या ओठाला दात लागलेला होता.

तिने गाडी तशीच मागे वळणावरच्या सपाटीला घरंगळू दिली आणि चाकांना दगड लावले. पहिल्या पेटीवर तळहात ठेवला. दुसरीवर. तिसरीवर. धुकं विरत होतं आणि समोरच्या कड्यावर ऊन उतरलं होतं.

"तुटली?" धाकट्याने विचारलं.

"उघडल्याशिवाय कळणार नाही. अजून असा एक झटका बसला तर मात्र उघडायचीही गरज नाही."

"खाली घेऊ या?"

"खाली जाईपर्यंत ऊन डोक्यावर येईल."

त्याने कड्यावरच्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाला, "कारखान्यात बायकांना दिवसभर उभं राहायला लागतं म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने."

"सगळं सांगते."

"मला काय, दूधवाल्यालाही सांगितलंय."

ताईला हसू आलं, आणि हसताना ओठ दुखला. तिने मामाला फोन लावला. मामाने सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं नव्हतं का, असं तो म्हणाला नाही. न म्हणणं किती जिवावर आलं असेल ते त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"हे बघा," तो शेवटी म्हणाला, "मुंगीच्या चालीची एक अख्खी गाडी तुमच्याकडे आहे. फक्त ती दोघांत वाटली गेलीय." आणि औषध द्यायला कुणीतरी आल्यामुळे फोन ठेवून दिला.

दोघं दोन गाड्यांकडे बघत राहिली. मुंगीचे मागचे दाते पिवळीत. मुंगीचे पुढचे अजून राखाडीत.

"माझी पुढची," धाकटा हळूहळू म्हणाला. "मागच्या चाकांना फिरवणारा दांडा काढून टाकला आणि चार जुंपली, की फक्त पुढची ओढतील."

"चढावर पुढची चाकं हलकी पडतात. घसरतील."

"पुढची चाकं खाली असली तर?"

ताईने त्याच्याकडे बघितलं. "उलटा चढणार?"

"रिव्हर्समध्ये. सगळं वजन पुढच्या चाकांवर येईल. शिवाय दोराने तुझी गाडी ओढली की तिचाही भार त्यांच्यावरच."

वळणावर जागा होती. त्याने राखाडी पिवळीच्या पुढे काढली, फिरवली आणि तोंड खाली करून उभी केली. घोड्या आणि कॅन कडेला उतरवले. मग दोघं गाडीखाली शिरली. मागचा लांब दांडा नट सोडवून काढला आणि गवतावर ठेवला. दोर एका गाडीच्या पुढच्या हुकातून दुसरीच्या पुढच्या हुकात. नाकासमोर नाक, मध्ये दोराएवढं अंतर.

"मागे वळून बघत एवढा रस्ता चढता येणार नाही," धाकटा म्हणाला. "मान मोडेल."

"बघू नकोस. माझ्याकडे बघ. मला पुढचं दिसतंय. जिकडे माझा हात, तिकडे तुझं स्टीअरिंग."

"चुकलीस तर?"

"तर आई दूधवाल्याला सांगेल."

आणि तशी ती निघाली. वडील गेल्यापासून दोघांनी एकमेकांकडे असं समोरासमोर, इतका वेळ पाहिलं नव्हतं. जेवताना ताटाकडे बघायची, गॅरेजात नटाकडे. आता दोन काचांमधून पाहण्यावाचून इलाज नव्हता. राखाडीची पुढची चाकं मुरमात रुतून धरत होती, पिवळीची मागची मागून रेटत होती. दोर कधी ताठ व्हायचा, कधी श्वास सोडल्यासारखा सैल. झटका असा आलाच नाही. ताईचा हात डावीकडे तरंगला, धाकट्याचा चेहरा डावीकडे तरंगला. उजवीकडे, उजवीकडे. त्याच्या मागे आख्खा डोंगर होता आणि तो त्याला दिसत नव्हता. तिच्या मागे आख्खी दरी होती, ती फक्त त्याला दिसत होती. पेट्यांचं गाणं पुन्हा खालच्या पट्टीत आलं. धाकट्याच्या वाढलेल्या दाढीत दोन पांढरे केस होते. हे कधी झालं, असं तिला वाटलं, आणि त्या विचारात हात क्षणभर खाली आला तर त्याने काचेवर टकटक केली.

ऊन पिवळीच्या टपावर आलं तेव्हा चढ संपला.

ताईने आधी सावलीत पेट्या उतरवल्या आणि मग सगळ्यात जास्त आदळलेली पेटी उघडली. धूर दिला. एकेक चौकट वर काढली, उजेडात धरली. पहिली शाबूत. दुसरी शाबूत. तिसऱ्या चौकटीचा एक कोपरा दुमडला होता आणि मधाची एक धार खाली गेली होती. माश्या तो कोपरा दुरुस्त करायला लागल्याही होत्या. राणी त्यांच्या मधून सावकाश चालत गेली, कुणाशीही न बोलता. बाकीच्या पेट्यांमधली पोळी सरळ उभी होती.

शेवटचं झाकण तिने हलकेच लावलं. धाकट्याने विचारलं नाही. त्याला तिच्या पाठीवरून कळलं.

जाळ्या काढल्या. नव्या जागी पहिल्यांदा बाहेर आलेली माशी एकदम निघून जात नाही. ती वळते, पेटीकडे तोंड करते आणि झोके घेत मागे मागे सरकते, घर नीट पाठ होईपर्यंत. शेकडो माश्या तशा मागे सरकत हवेत चढत होत्या.

"खाली गेलो की पुढचेही उघडू या," ताई म्हणाली.

"दोन्हीचे?"

"दोन्हीचे. सगळे ठिपके जाऊ देत."

धाकट्याने मान हलवली. मग खाली राहिलेल्या घोड्या आणायला चालत निघाला. थोडं अंतर तिच्याकडे तोंड करून, मागे मागे, तिला चिडवत. "बाई, हात दाखव, हात."

तिने हात दाखवला.

वरच्या उतारावरची पहिली फुलं मंगळवारीच उमलली होती, गाड्या ठोकळ्यांवर चढल्या त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे फुलोऱ्याआधी पोचणं त्यांच्या हातात तेव्हाच उरलं नव्हतं.