तळ्याचे कपाळ

माझा भाऊ श्रीरंग चैत्रापासून वनोद्यानातले तळे आहे. सहलीच्या दिवशी तो पोहायला उतरला, आणि संध्याकाळी सगळे परतायला निघाले तेव्हा काठाच्या आत तोच होता. आधीचे तळे कुठे गेले, हे उद्यानातल्या कुणी विचारले नाही. फाटकावर फक्त एक नवी पाटी लागली : पाण्यात उतरू नये.

सुटीच्या दिवशी लोक डबे घेऊन येतात. त्याच्यावर बदकाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या फिरतात, मुले माशांना मुरमुरे टाकतात. वारा नसतानाही कधी कधी होड्या डुलू लागतात. त्याला लहानपणापासून बरगड्यांपाशी गुदगुल्या होतात.

भाऊबीजेच्या सकाळी आईचा फोन आला.

"यंदा घरूनच चंद्राला ओवाळ," ती म्हणाली. "ज्यांना भाऊ नसतो, त्या तसंच करतात गं."

"मला भाऊ आहे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावल्याचे ऐकू आले. मग म्हणाली, "तर मग चंद्र दिसायच्या आत ओवाळ. एकदा तो दिसला, की ताट त्याचं."

दुपारी मी आणि मृदुला वहिनी निघालो. ताट माझ्या मांडीवर होते. वहिनीच्या हातात दादाचा राखाडी स्वेटर होता.

"ह्यांना कार्तिकात सर्दी होते," ती म्हणाली. "आणि मंजिरी, ओवाळणीची आशा धरू नकोस."

आशा मी कधीच धरली नव्हती. दादाने ओवाळणी कधी विकत आणली नाही. ऐन वेळी हाताशी लागेल ते तो ताटात टाकी. कधी कंगवा, कधी मूठभर चिंचोके, एकदा शेजारच्यांच्या घराची किल्ली.

फाटकावर गेडाम नावाचे चौकीदार होते.

"काडीपेटी इथंच ठेवा लागते, बाई. जंगल आहे."

"मग दिवा कसा लावायचा?"

त्यांनी मान वळवून नियमांची जुनी पाटी शांतपणे वाचली. "काडीपेटी लिहून आहे. पेटलेला दिवा नाही लिहून."

म्हणून मी त्यांच्यासमोर निरांजन पेटवले, काडीपेटी त्यांच्या हातात दिली आणि ज्योतीला तळहाताचा आडोसा करून आत गेले.

"शिट्टी झाली का निघा लागते, जी," त्यांनी मागून सांगितले.

तळे फाटकातून दिसत होते. आम्ही चालू लागलो तसे ते मागे सरकले. बाक मागे पडले, सतरंज्यांवर जेवणारी कुटुंबे मागे पडली, आणि सागांमधली वाट आमच्यापुढे लांबत गेली. मी थांबले की पाणी थांबे. पाऊल उचलले की तेवढेच मागे जाई. मला ते ओळखीचे वाटले. कुंकू लावताना दादा ऐन वेळी डोके मागे घेत असे. माझे बोट हवेत राही आणि तो हसे.

"दादा, पुरे," मी म्हणाले.

"ऐकतील तर शपथ," वहिनी म्हणाली. "लग्नात हारसुद्धा घालू देईनात. मामांनी खांदे धरले, तेव्हा कुठे गळ्यात पडला."

ऊन सागांच्या शेंड्यांवर चढले आणि तिथून गेले. शिट्टी झाली. लोक सतरंज्या झटकून फाटकाकडे निघाले. पश्चिमेचे आकाश विरळ होत चालले होते. मी तिकडे पाहिले नाही. निरांजनातले तूप तळाला गेले होते.

तेव्हा वहिनीने स्वेटर उलगडला आणि ओल्या मातीवर पाटासारखा अंथरला, बाह्या दोन्हीकडे पसरून. पाणी थबकले. मग ते संकोचाने पुढे आले, एका बाहीत शिरले, थोड्या वेळाने दुसरीत. लोकर फुगली. गळ्यापर्यंत भरून ते पलीकडे पसरले आणि स्थिर झाले.

आता कपाळ कुठे आहे ते कळत होते. मी गळ्याच्या वीतभर वर कुंकवाचे बोट टेकवले. पाण्यावर आठ्या उमटल्या. माझी बोटे गार असतात, ही त्याची जुनी तक्रार. कुंकू पसरले नाही. मी अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळून ताटात ठेवली, आणि निरांजनाचे ताट दोन्ही हातांनी उचलले.

पहिला फेरा पुरा झाला. दुसरा सुरू करताना मला कुंकवाच्या किंचित वर, पाण्यात, नखाएवढी चंद्रकोर दिसली. मी वर पाहिले नाही.

"थांबू नकोस," वहिनी हळूच म्हणाली.

मी थांबले नाही. फेरा चंद्रकोरेवरून गेला, कुंकवावरून गेला, भरल्या बाह्यांवरून गेला. दूर फाटकावर पुन्हा शिट्टी झाली. मग स्वेटरची उजवी बाही मातीवरून उठली, पाण्यात काही चाचपावे तशी फिरली आणि ताटाच्या कडेवरून आत आली. ज्योत हलली, विझली नाही. बाही माघारी गेली तेव्हा कुंकू जागच्या जागी होते आणि त्याच्यावरचे पाणी काळे होते. सुपारी आणि अंगठीच्या मध्ये कोर पडली होती, ओली, अजून निथळत असलेली; आणि ताट इतके जड झाले की वहिनीने त्याची दुसरी कड धरली.