मी ठाण सोडले तो हंगाम

मी एक म्हातारी शिकारी कुत्री आहे. अंगाने बुटकी, पांढऱ्यावर नारिंगी ठिपक्यांची, आणि शेपूट जन्मापासूनच बोटभर. माझे नाव केलेन. आमच्या ब्रिटनीच्या, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या, बोलीत केलेन म्हणजे काटेरी पानांचे, हिवाळ्यातही हिरवेगार राहणारे झाड. आता माझे तोंड पांढरे झाले आहे आणि चुलीजवळून उठताना मागचे पाय कुरकुर करतात. नाक मात्र पहिल्यासारखेच आहे. ही बढाई नाही. जे आहे ते आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका गोठ्यात पेंढ्यावर झाला. आम्ही भावंडे एकमेकांच्या अंगावर लोळत असताना गुल्वेन नावाचा एक उंच, वाकलेल्या खांद्यांचा माणूस आला. त्याने अर्धे आयुष्य पाटीच्या दगडाच्या खाणीत काढले होते आणि त्याचे तळहात कानशीसारखे खरखरीत होते. त्याने खिशातून पक्ष्याचा एक वाळलेला पंख काढला आणि दोरीला बांधून जमिनीवरून ओढला. माझी भावंडे त्याच्यावर तुटून पडली. मी एक पाय वर उचलून जागच्या जागी उभी राहिले.

"हीच," गुल्वेन म्हणाला. "बाकीची खेळतायत. ही विचार करतेय."

घरी त्याची बायको अनाइग दारातच उभी होती. "आणखी एक तोंड आणलंस? छपरातून पाणी गळतंय ते बघ आधी," ती म्हणाली. पण रात्री धिरड्याचा लोण्यात बुडवलेला तुकडा टेबलाखाली मला तिनेच दिला.

माझे काम काय होते ते सांगते. आमच्या रानात बेकास नावाचा पक्षी येतो. आकाराने कबुतराएवढा, चोच लांब, रंग थेट कुजलेल्या पानांचा. पानगळ सुरू झाली की उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून तो इकडे येतो आणि थंडी ओसरली की परत जातो. दिवसा तो झाडीत जमिनीला चिकटून बसतो. तुमचा पाय त्याच्या शेजारी पडला तरी तुम्हाला तो दिसणार नाही. तो डोळ्यांना सापडत नाही, नाकाला सापडतो.

रानात शिरताना गुल्वेन माझ्या गळ्यात पितळी घंटी बांधी. मी धावत असले की ती वाजत राही. बेकासचा वास नाकात शिरला की मी ठाण मांडी. मान पुढे, एक पाय वर, श्वाससुद्धा जपून. घंटी गप्प झाली की गुल्वेनला कळे आणि तो बंदूक घेऊन येई. मग पक्षी उडे. कधी पडे, कधी झाडांतून वळणे घेत निसटे. या कामाचा एक मोठा नियम होता, आणि तो मला दुधाच्या दातांपासून शिकवला होता : ठाण मांडले की मालक येईपर्यंत सोडायचे नाही. पाऊस येवो, पंजात काटा रुतो, सोडायचे नाही.

मी कधी सोडले नाही. आसपासच्या गावांत माझे नाव झाले. अनाइगचा धाकटा भाऊ जाकेझ बेकरी चालवी. त्याच्याकडे लांब केसांचे दोन मोठे देखणे कुत्रे होते आणि त्यांच्याबद्दल तो सारखा बोले. त्याचे कुत्रे वाऱ्यासारखे पळत आणि पुष्कळदा पक्ष्याच्या पुढे निघून जात. मागून मी त्याच झुडपापाशी ठाण मांडी. "दाजी, ही कुत्री आहे की चर्चमधला दगडी पुतळा?" जाकेझ म्हणे. गुल्वेन नुसता हसे. एका सकाळी एक-दोन पक्षी मिळाले की तो बंदूक रिकामी करून खांद्यावर टाकी. "उरलेले त्यांच्या गावी जाऊ देत," तो म्हणे.

अशी वर्षे गेली. मग तो हंगाम आला.

पहिल्याच दिवशी मी ओढ्याकाठच्या झाडीत ठाण मांडले. वास इतका ताजा होता की माझ्या मिशा थरथरत होत्या. घंटी गप्प झाली. मी वाट पाहिली. गुल्वेन आला नाही. पुष्कळ वेळाने पक्षी कंटाळला आणि आपणहून उडून गेला. मी बाहेर येऊन पाहते तर गुल्वेन वाटेवर भलतीकडेच तोंड करून उभा होता. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या खेपेला तो मला हाका मारत रानभर फिरला आणि मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर थिजून उभी होते.

घरी अनाइगच्या हे आधीच ध्यानात आले होते. "टीव्ही बारीक कर. शेजारच्या गावातल्या लोकांनाही बातम्या कळतायत," ती म्हणायची. खाणीत आयुष्यभर हातोडे आणि यंत्रांचा धडधडाट ऐकला, त्याने कान गेले असतील, डॉक्टरला दाखवू, असे ती सांगायची. गुल्वेन म्हणायचा, "वारा होता म्हणून ऐकू आलं नाही." घरातसुद्धा त्याला वारा लागायचा.

मला त्याची भीती कळत होती. माणसाच्या घामाला भीतीचा वेगळा वास असतो. खाण बंद पडल्यापासून त्याच्याजवळ हे रान, ही बंदूक आणि मी, एवढेच उरले होते. ज्याला ऐकू येत नाही त्याला बंदूक घेऊन रानात कोण जाऊ देईल?

नोव्हेंबरात, पूर्वेचा वारा सुटलेला असताना, मी एका पडलेल्या ओक झाडाशी ठाण मांडले. पक्षी नाकासमोर बसला होता. गुल्वेन येत नव्हता. तेव्हा मी ते केले जे मी कधी केले नव्हते. मी वर उचललेला पाय हळूच मागे टेकवला. मग दुसरा. पान न वाजवता मागे मागे सरकले, वळले, आणि जाऊन गुल्वेनच्या लोंबत्या हाताला नाक लावले.

तो दचकला, मग भडकला. "ठाण सोडलंस? तू? लाज नाही वाटत?" त्याने हात उगारला. आजवर त्याने तो माझ्यावर कधी उगारला नव्हता. मी हलले नाही. मी ओकाकडे चार पावले गेले, थांबले, मागे वळून त्याच्याकडे पाहिले. पुन्हा चार पावले. तो धुसफुसत मागून आला. ओकापाशी मी पुन्हा ठाण मांडले आणि माझ्या नाकासमोरून बेकास उडाला.

गुल्वेनने बंदूक वर केलीच नाही. तो चिखलात गुडघ्यांवर बसला आणि माझे डोके त्याने कोटाशी घट्ट धरून ठेवले.

त्या दिवसापासून आमचे नवे काम सुरू झाले. मी पक्षी शोधी, ठाण मांडी, येऊन बोलावी, घेऊन जाई. पुष्कळ पक्षी तोवर पायी सरकून जात, तरी आमचे जमत होते. जाकेझला मात्र ते बघवेना. "दाजी, कुत्री बिघडली हो तुमची! सारखी ये-जा, ये-जा. पोस्टमन आहे का ती? मी सांगतो, नवीन पिल्लू आणा. हिला अंगणात झोपू दे." गुल्वेन म्हणाला, "माझी कुत्री, मी बघीन." मी बेकरीवाल्याच्या बुटावर मुतले नाही, एवढीच माझी सभ्यता.

डिसेंबरात एका सकाळी दाट धुके पडले होते. गुल्वेन आणि जाकेझ मिळून ओढ्यालगतच्या रानात शिरले. जाकेझने डावीकडून जायचे ठरले होते, पण त्याचा एक कुत्रा ओढा ओलांडून गेला आणि त्याला आणायला तो आमच्या समोरच्या बाजूला आला. मी ठाण मांडले होते आणि गुल्वेन माझ्यामागे पोहोचला होता. जाकेझचा वास मला येत होता. तो ओरडत होता, "दाजी, मी समोर आहे! मारू नका! दाजी!"

पक्षी उडाला, थेट जाकेझच्या दिशेने. गुल्वेनची बंदूक त्याच्यामागे वळली.

पक्षी उडाल्यावर जागचे हलायचे नाही, हेही मला शिकवले होते. तरी मी सगळ्या अंगानिशी गुल्वेनच्या गुडघ्यांवर झेप घेतली. तो मागे कोलमडला आणि बार आभाळात गेला. वरून ओकाच्या काटक्या आमच्यावर पडल्या. मग धुक्यातून जाकेझ आला. त्याचा चेहरा त्याच्या बेकरीतल्या पिठासारखा झाला होता.

"दाजी, मी घसा फाटेस्तोवर ओरडत होतो."

"वारा होता," गुल्वेन म्हणाला.

"वारा? आज? धुकं बघा, जागचं हलत नाहीये."

गुल्वेन एका दगडावर बसला. त्याने बंदुकीतली उरलेली गोळी काढून चिखलात टाकली. "मला घंटी ऐकू येत नाही, जाकेझ. गेला हिवाळा संपल्यापासून. पाखरांचे आवाज त्याच्याही आधी गेले."

जाकेझ माझ्याकडे वळला. "म्हणजे ही... ही तुम्हाला बोलवायला यायची?" आणि तो बडबड्या माणूस ओल्या पानांत बसला, मला जवळ ओढून म्हणाला, "आणि मी हिला पोस्टमन म्हणालो." त्याच्या तोंडाला सिगारेटचा वास होता. तरी मी ते चाटले.

गुल्वेनने बंदूक कपाटात घालून कुलूप लावले. जानेवारीत ओढे गोठले आणि थंडीने लुळ्या पडलेल्या पक्ष्यांना मारायला सरकारने बंदी घातली. गुल्वेन खिडकीशी बसून राही. मला कोणी हाक मारीना. मी दाराशी जाऊन उभी राहिले तरी तो मान फिरवी. अनाइगने डॉक्टरची वेळ घेतली की तो म्हणे, "मी काय म्हातारा झालोय?"

"म्हातारा नाही. हट्टी झालायस," ती एकदा म्हणाली. मग तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि त्याला ओठ नीट दिसतील असे तोंड करून बसली. "माझ्या भावाला मारणार होतास तू. ते सोडून देऊ. पण वर्षभर मी या घरात एकटीच बोलतेय, गुल्वेन. मला कंटाळा आलाय."

एवढे मात्र त्याला नीट ऐकू आले.

फेब्रुवारीत बर्फ वितळले. हंगामाच्या शेवटच्या दिवशी जाकेझ आपले दोन्ही कुत्रे घरी ठेवून आला. "चला दाजी. बंदूक माझी, कुत्री तुमची." गुल्वेन नको नको म्हणत होता. अनाइगने त्याच्या हातात बूट दिले. रानात मी उंच गवतापलीकडे पक्षी शोधला, परत येऊन गुल्वेनच्या हाताला नाक लावले. "आहे," तो जाकेझला म्हणाला. "त्या दोन झाडांच्या मधे. हिची मान बघ, कशी ताणलीय." जाकेझ पुढे सरकला. पक्षी उडाला. जाकेझने दोन्ही बार टाकले आणि दोन्ही चुकवले.

"वारा होता," जाकेझ म्हणाला.

आधी गुल्वेन हसला, मग दोघे हसले. डिसेंबरानंतर तो पहिल्यांदा हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून कोट घालून अनाइगबरोबर डॉक्टरकडे गेला. आता त्याच्या दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रे आहेत. तो त्यांना शिव्या देतो आणि रोज सकाळी पुसून घालतो.

त्यानंतर आम्ही आणखी काही हंगाम शिकार खेळलो. मी पुन्हा कधी ठाण सोडले नाही, कारण तशी वेळच आली नाही. आता मी चुलीपाशी असते. मार्चमध्ये पक्षी परत निघतात तेव्हा संध्याकाळी गुल्वेन मला उचलून गाडीत ठेवतो आणि आम्ही तिघे, बंदूक न घेता, रानाच्या कडेला जाऊन बसतो. अनाइग थर्मासमधली कॉफी ओतते. डोक्यावरून बेकास आवाज करत जातो, तेव्हा गुल्वेन आमच्याआधी बोट वर करतो. मी मुद्दाम उशिरा मान उचलते. त्याला जिंकू द्यावे असे मला वाटते.

मित्रांनो, एवढे माझे ऐका. तुमच्या घरात, गोठ्यात, अंगणात आमच्यासारखे कोणी असेल तर त्याला नुसते खायला घालून भागत नाही, त्याचे म्हणणेही ऐकावे लागते. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त येतो, हाताला नाक लावतो आणि वळून बघतो. वर्षानुवर्षे नियमाने वागलेला एखादा जीव एके दिवशी नियम मोडताना दिसला, तर हात उगारण्याआधी चार पावले त्याच्यामागे चालून पाहा.