मुकुटाखालचा डब्ल्यू

“एकदा फक्त ‘हो’ म्हणायचंय, काका. तोंडाला काय फोड येणारेत का तुमच्या?”

हेल्मफ्रीडने हातातली कानस टेबलावर आपटली. त्याच्या जुन्या मित्राची, ओट्टोमारची मुलगी हायडे सकाळी सकाळी दुकानात येऊन उभी राहिली होती आणि मागत काय होती, तर त्याने खोटं बोलावं! जर्मनीतल्या सूल गावात बंदुका दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. नळीवरच्या ठशांबाबत तो सख्ख्या भावाशीही कधी खोटं बोलला नव्हता.

भानगड जुनीच. बर्लिनची भिंत पडली आणि ओट्टोमारने माळ्यावर लपवलेली आजोबांची तीन नळ्यांची शिकारी बंदूक खाली काढली. दोन नळ्या छर्‍यांच्या, त्यांच्याखाली एक गोळीची. नळ्यांच्या पोटाला बारीक ठसे, त्यात एक मुकुट आणि मुकुटाखाली डब्ल्यू. झालं! बादशहाने, कैसर विल्हेल्मने आजोबांना स्वतःच्या हाताने दिलेली बंदूक, असं या बाबाने गावभर करून टाकलं. हेल्मफ्रीड दर शुक्रवारी बिअरच्या टेबलावर घसा फोडून सांगायचा, “अरे शहाण्या, चाचणीघरात नळीत जास्तीची दारू भरून बार काढतात. नळी टिकली की ठसे मारतात. छर्रे पांगू नयेत म्हणून नळीचं तोंड आवळलेलं असतं. आवळण्याला आपण ‘वुर्गेन’ म्हणतो ना, त्यातला हा डब्ल्यू!”

“मग मुकुट कशाला?”

“सरकारी असतो तो! शेजारी मुकुटाखाली यू पण आहे. ती कोण मग, उर्सुला महाराणी?”

ओट्टोमार मिशीचा फेस पुसत म्हणायचा, “जळतोस लेका तू.” सगळे फिदीफिदी हसायचे आणि हेल्मफ्रीड धुसफुसत घरी जायचा.

“डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत,” हायडे म्हणाली. “बाबांना मी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, शिकारीच्या हंगामापर्यंत उठून बसतील. निदान बंदुकीचं तरी सुख मिळू दे त्यांना.”

“मरायला टेकला तरी छळ संपत नाही याचा!” हेल्मफ्रीड ओरडला. राग नेमका कुणावर काढावा हेच त्याला कळेना. ओट्टोमार गेल्यावर शुक्रवारी भांडायचं कुणाशी?

दुपारी हेल्मफ्रीड त्याच्या घरी गेला. पलंगावर ओट्टोमार अगदी वाळून गेला होता. बंदूक पांघरुणावर आडवी ठेवली होती.

“आलास का रे, गळाआवळ्या?”

हेल्मफ्रीडने चष्मा लावला. ठसे त्याला पाठ होते, तरी उगाच नळ्या उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. मग खाकरून म्हणाला, “या वेळी नीट बघितलं. कैसरचाच दिसतोय. विल्हेल्म.”

“बघा बाबा, मिटलं की नाही भांडण!” म्हणत हायडे खुशीत कॉफी करायला आत गेली.

ओट्टोमार मात्र हसला नाही. ती गेली त्या दाराकडे त्याने पाहिलं आणि हळूच विचारलं, “इतकं वाईट आहे का रे?”

“कसलं?”

“गाढवा, इतकी वर्षं तू तसूभर हलला नाहीस. आज हललास. काय म्हणाला डॉक्टर?”

आपण काय करून बसलो ते हेल्मफ्रीडच्या ध्यानात आलं. त्याने खिशातून फडकं काढलं आणि स्वच्छ नळ्या पुसायला लागला.

“बरं,” ओट्टोमार म्हणाला. “मला कळलंय हे हायडेला सांगू नकोस. बिचारी एवढं जपतेय.”

आतून कपबशा वाजल्या. पावलं दाराशी आली तसा ओट्टोमार उशीवर जोर देऊन जरा वर सरकला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला, “ऐकलंस का गं हायडे? कैसर! शेवटी कबूल केलं थेरड्याने!”

हेल्मफ्रीड मान खाली घालून नळ्या पुसत राहिला.