शेजारच्या धमनीचा आवाज

मी बोलतेय, ऑपरेशन थिएटरच्या कपाटातल्या खालच्या खणातून. दिसायला मी पेनासारखी, पण लिहिणं माझ्या नशिबी नाही. कातडीवर थोडी जेली लावून मला टेकवलं, की आत रक्त कसं धावतंय ते माझ्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येतं. मोठे डॉक्टर मला लाडानं 'मैना' म्हणायचे. लाडानं म्हणे! आठवलं तरी अंगाची लाही होते.

किडन्या थकल्या की माणसाचं रक्त मशीनवर साफ करावं लागतं. त्यासाठी हातातली एक शीर शेजारच्या धमनीला जोडतात. मग ती शीर फुगते आणि सुई टोचायला पक्की जागा मिळते. जोड शिवून झाला, की सगळ्यांचे कान माझ्याकडे. रक्त नीट वाहत असेल, तर मी खंड न पाडता 'सूंऽऽ सूंऽऽ' करत राहते. पुढे वाट अडली असेल, तर नुसतं कोरडं 'टप्... टप्'.

"मैना नाही म्हणतेय. उघडा परत," डॉक्टर म्हणायचे. एका आजोबांचा जोड त्यांनी तीनदा उघडला, घामानं निथळले, पण कुरकुरले नाहीत. अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय?

मग त्या बाई आल्या. मुलांना पोहायला शिकवायच्या. रक्त साफ करायला त्यांच्या मानेत तात्पुरती नळी बसवली होती, आणि ती भिजवायची नव्हती.

"पाच महिने काठावर उभी राहून ओरडतेय हो," टेबलावर आडव्या पडल्या पडल्या त्या सांगत होत्या. "कार्टी विचारतात, बाई, तुम्हाला तरी पोहता येतं का?"

"इथं नका पोहू, हात हलवू नका," सिस्टर हसून म्हणाल्या.

हाताचा जोड चालला, की मानेतली नळी निघणार होती आणि बाई पाण्यात उतरणार होत्या. एवढंच मागणं होतं त्यांचं.

फक्त हातच बधिर केला होता. बाई जाग्या होत्या, मध्ये हिरवा पडदा. मनगटाशी जोड शिवला आणि मला शिरेवर टेकवलं. 'टप्... टप्.' डॉक्टरांनी जोड उघडून पुन्हा शिवला. पुन्हा तेच. मी काय करू? जे आहे ते सांगितलं.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाहेर अजून दोन पेशंट ताटकळत होते.

"झालं का हो? येतोय आवाज?" पडद्यामागून बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मला उचललं आणि कोपराच्या आतल्या बाजूला, मोठ्या धमनीवर नेऊन टेकवलं. ती तर प्रत्येक धडधाकट हातात वाजतेच! वर माझा आवाजही वाढवला. 'धप्! धप्! धप्!'

"ऐका बाई, तुमची शीर!"

"अगंबाई, केवढी जोरात!" बाई हसता हसता रडायलाच लागल्या.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, ही ती नाहीये."

"शीर फुलायला वेळ लागतो, सिस्टर. टाके घ्या."

केसानं गळा कापला माझा! आयुष्यात एक शब्द खोटा बोलले नव्हते, आणि माझ्याच तोंडून खोटी साक्ष वदवून घेतली.

सहा आठवड्यांनी बाई आल्या. शीर फुगावी म्हणून रबरी चेंडू रोज दाबून दाबून बोटांना घट्टे पडलेले. मला शिरेवर टेकवलं, तर आत सगळं गप्प.

"असं कसं? मी माझ्या कानांनी ऐकलं होतं!"

"यंत्र जुनं झालंय हो," डॉक्टर म्हणाले. "त्यानंच दगा दिला."

चोर सोडून संन्याशाला फाशी! सिस्टर माझ्यावरची जेली पुसत बसल्या. बाई डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. दुपारी माझ्यावर 'खराब' अशी पट्टी चिकटवली, आणि तेव्हापासून मी या खणात आहे.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या हातावर कुणी असं पेन टेकवलं, तर आवाज किती मोठा आहे ते बघू नका. तो कुठून येतोय, एवढं विचारा. विचारायला लाजू नका.

काल बाईंच्या दुसऱ्या हातात जोड केला. नवं, टीव्हीसारख्या पडद्याचं यंत्र आणलंय. खणातून मला सगळं ऐकू आलं. डॉक्टरांनी जोड दोनदा उघडला, घड्याळाचं नावसुद्धा काढलं नाही. आणि मग आला, 'सूंऽऽ सूंऽऽ', कुठेही न तुटणारा.

"बाई, ऐका!" डॉक्टर म्हणाले.

"बंद करा तो," बाई म्हणाल्या. "मला नाही ऐकायचा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. या खेपेला तो आवाज खरंच त्यांच्या शिरेचा होता.